शिरूर ते दौंड, विक्रीला काढलेल्या विजेच्या गाडीतून

शिरूरची ती विजेवर चालणारी स्पोर्ट्स कार अजून विकली गेलेली नाही. मालक आप्पांनी आज सकाळी फोनवर हे स्वतः सांगितलं. पुण्याचे संग्राहक रविवारी पुन्हा बघायला येणार, हेही त्यांनीच सांगितलं. मागच्या आठवड्यात मी त्याच गाडीतून दौंडपर्यंत गेलो होतो.

वीसेक वर्षांपूर्वी, रस्त्यावर विजेच्या गाड्या दिसत नव्हत्या तेव्हा, आप्पांनी जागा आणि भांडवल दिलं आणि रांजणगावच्या कारखान्यात टूलरूममध्ये काम करणाऱ्या नानांनी ही दोन सीटची, फायबर बॉडीची, बिनछपराची गाडी बांधली. अशा बऱ्याच बांधून विकायच्या होत्या. झाली एकच. आता आप्पांनी ती संग्राहकांसाठी विक्रीला काढली आणि पुण्याचे एक गृहस्थ जवळजवळ हो म्हणाले होते. तेवढ्यात आप्पांनी ट्रकची बॉडी रंगवणाऱ्याकडून गाडीला चकचकीत लाल रंग मारून घेतला.

जुन्या गाडीचा मूळ रंग गेला की संग्राहकाचा रस जातो. हे आप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. गृहस्थ म्हणाले, ज्याने बांधली त्याच्याच हातून मूळ रंग परत चढला तरच मी येईन. नाना गेली कित्येक वर्षं दौंडला असतात. आप्पांनी त्यांना फोन केला, तर त्यांनी एकच अट घातली. गाडी दौंडला आणा, पण चालवत.

अटीमागचं कारण शिरूरमध्ये सगळ्यांना माहीत आहे. पहिल्याच लांबच्या फेरीत नाना ही गाडी घेऊन दौंडला निघाले होते. भीमेवरच्या पारगावच्या पुलावर ती बंद पडली आणि बैल जोडून परत ओढत आणावी लागली. लोक वर्षभर विचारायचे, "नाना, बैलांचं अ‍ॅव्हरेज किती?" त्यानंतर नाना शिरूरला राहिले नाहीत.

मी पुण्याहून सकाळच्या एसटीने निघालो. रांजणगावला कंपन्यांच्या बसगाड्यांमध्ये अडकायला होतं, त्यामुळे हातात थोडा जास्त वेळ ठेवा. शिरूरच्या स्टँडजवळ आप्पांबरोबर मिसळ खाल्ली. दोघांचं चहासकट दोनशेच्या आत भागलं.

गाडीत बसणं म्हणजे जवळजवळ रस्त्यावर बसणं. आवाज नाही. मागून आलेला टेम्पोवाला आरशात बघत राहतो आणि शेजारून जाणाऱ्या बुलेटवाल्याला आपणच आगाऊ वाटतो. न्हावऱ्याला आप्पांच्या जावयाकडे चार्जिंग करायचं ठरलं होतं. पोचलो तर लाईट गेलेली.

"कवा येईल?" आप्पांनी विचारलं.

"मामा, ते लाईनमनला ठावं. तवर जेवा."

आप्पांनी चार्जिंगच्या काट्याकडे पाहिलं. निम्म्याच्या जरा खाली होता. "जेवलो तर झोप यील," म्हणाले आणि निघाले.

पुढचा रस्ता उसातून जातो. डांबर बरं आहे, पण ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या समोरून आल्या की साइडपट्टीवर उतरावं लागतं, आणि या गाडीचं पोट जमिनीला लागतं.  नदी दिसली तेव्हा काटा लाल पट्ट्यात होता. पुलावर त्यांनी वेग इतका कमी केला की एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला आणि वळून म्हणाला, "धक्का देऊ का आबा?"

"तू पुढं हो," आप्पा म्हणाले. स्टिअरिंगवरचे हात हलले नाहीत. पुलाचा शेवटचा कठडा मागे पडला तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पारगावकडे वळताच पहिल्या गुऱ्हाळावर थांबलो. मालक ओळखीचे निघाले, वायर ओढून दिली. कढईपाशी उत्तर प्रदेशातला कामगार होता. त्याने गाडीभोवती फेरी मारली. "चाचा, ये बच्चों वाली है क्या?" आप्पा म्हणाले, "हां. बुढ्ढे बच्चों की." दुपार तिथेच गेली. ताजी काकवी आणि भाकरी खाल्ली, चार्जिंगचे पैसे कुणी घेतले नाहीत, म्हणून गुळाची एक ढेप विकत घेतली. या वाटेने गेलात तर गुऱ्हाळ चुकवू नका.

चौफुल्यावरून हायवेला लागलो आणि उन्हं उतरायच्या सुमारास दौंडला पोचलो. नाना फाटकातच उभे होते. त्यांनी आप्पांकडे पाहिलंच नाही. थेट वाकले, मागे हात घालून मोटारीवर तळवा ठेवला.

"तापली न्हाई," ते म्हणाले. मग सरळ उभे राहिले. "आन् ह्यो रंग कुणाचा?"

"विकायची म्हंजी सजवाया नको व्हय? बैल बाजारात न्हेताना आपण शिंगं रंगवतो."

"शिंगं रंगवतो आप्पा. बैल न्हाई."

आप्पा हसायला लागले, मग नानाही. नानांनी बॅटरीच्या कप्प्याचं झाकण उघडलं. आत हाताएवढा फिकट पिवळा पट्टा तसाच होता. रंगाऱ्याचा ब्रश तिथे पोचला नव्हता. "ह्यो मीच मिसळला होता. पुन्हा मिसळीन. झाकणाच्या आत मातुर हात लावायचा न्हाई, पुण्यावाल्यांना ताडून बघू द्या."

रात्रभर गाडी नानांच्या ओसरीवर चार्जिंगला होती. सकाळी नाना ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. आप्पा शेजारी. सीटा दोनच, त्यामुळे मी गुळाची ढेप घेऊन दौंड स्टेशनवर गेलो आणि पुण्याची गाडी पकडली.

घरी ढेप निम्मी संपली आहे. लक्षात राहिलंय ते मात्र पुलावरचं, आवाज न करता जाणारं एकेक मीटर. जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांना मी आता एवढंच सांगतो, की उभी असलेली बघून परत येऊ नका. शेजारी बसा.

आप्पा म्हणतात, परतीत नानांनी पुलावर वेग अजिबात कमी केला नाही. आता शिरूरच्या शेडमध्ये लाल रंग घासून झालाय आणि पिवळ्याचा पहिला हात सुकतोय. गृहस्थांना नानांनी नवी अट कळवली आहे. गाडी ट्रकवर चढवायची नाही, इथून चालवत न्यायची. ते "बघू" म्हणाले. आप्पांनी पुण्याच्या वाटेवरच्या शिक्रापूरच्या एका हॉटेलवाल्याला रविवारी दुपारसाठी चार्जिंगचा एक प्लग रिकामा ठेवायला सांगून ठेवलंय.