वाऱ्याला भिणारे अंकल

"ह्याच्याखाली कोण बसणार?"

मंडपाचा प्रत्येक खांब रोवताना अंकल हे विचारायचे. उत्तर मिळाल्याशिवाय खड्ड्यात माती पडत नसे. नवरीची आजी बसणार असेल, तर दोरीला आणखी एक वेढा. लहान मुलं बसणार असतील, तर खांबच बदलायचा.

"आणि कोणीच बसणार नसेल तर?" मी एकदा चिडून विचारलं.

"बसणार. मोकळी खुर्ची दिसली की माणूस बसतोच."

वसईतल्या वाड्यांमध्ये लग्नाचे, चर्चच्या सणाचे मंडप घालायचा त्यांचा धंदा होता. मी मनवेलपाड्याहून येऊन त्यांच्याकडे सुपरवायझरचं काम करायचो. कामगार त्यांना शेठ म्हणत, गाव अंकल म्हणे, मीही अंकलच म्हणायचो. तुम्हीही अशा एखाद्या मंडपात जेवला असाल. आपण ताटाकडे बघतो, नवरा-नवरीकडे बघतो; वर कोणी बघत नाही. अंकल फक्त वरच बघायचे. लग्न चालू असताना ते वाऱ्याच्या बाजूला स्टूल टाकून बसत, नजर माडांच्या शेंड्यांवर. जेवणाचं ताट मांडीवर गार होऊन जाई.

"शेठ, लग्न त्यांचं आणि पहारा आपला," कामगार हसायचे.

या भित्रेपणावरच धंदा उभा होता. म्हाताऱ्या माणसांच्या घरचं कार्य असलं की लोक शोधत त्यांच्याकडे येत. फादर तर दुसऱ्या कोणाचं नावही ऐकून घेत नसत. आणि याच भित्रेपणाने धंदा वाढू दिला नाही. लग्नसराईत एकाच दिवशी दोन घरची बोलावणी आली की अंकल एकाला हात जोडत. मी म्हणायचो, "दुसरीकडे मी उभा राहतो ना!"

"तू उभा राहशील रे. पण एका दिवशी दोन ठिकाणी मी घाबरू कसा?"

मी हसलो होतो. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

त्यांचा मंडप आयुष्यात कधी पडला नव्हता. मग एवढी भीती कशाची, असं मी विचारलं तेव्हा ते सुतळीची गाठ सोडवत होते. हात न थांबवता म्हणाले, "पडला नाही म्हणूनच. ज्याचा एकदा पडलाय, त्याला कळलेलं असतं किती भीती पुरे. मला कुठे माहीत आहे?"

मग माणिकपूरच्या पुढच्या एका वाडीतलं ते लग्न आलं. मे महिना, संध्याकाळची वेळ. स्टेजवर नवरा-नवरीच्या नावाने टोस्ट चालला होता, सगळ्यांनी ग्लास उचलले होते. केळीची पानं एकदम हलायची थांबली, वादळाच्या आधी थांबतात तशी. अंकल स्टुलावरून उठले, सरळ स्टेजवर गेले आणि माइक हातात घेतला.

"सगळ्यांनी बाहेर या. म्हाताऱ्यांना आधी आणा. धावू नका."

नवरीचे वडील पांढरे पडले. "अंकल, माझ्या पोरीचं लग्न आहे! तुमची भीती तुमच्या घरी ठेवा."

"पोरीलाच आधी बाहेर ने," अंकल म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण माइक त्यांनी सोडला नाही. मी आणि कामगार कनाती सोडायला धावलो. माणसं कुरकुरत अंगणात आली. एक मावशी ओरडली, "अरे, केक तरी बाहेर काढा! तो काय मरायला आत ठेवलाय?"

सगळे आभाळाकडे बघत उभे राहिले. वारा आला नाही. केळीची पानं पुन्हा हळूहळू हलायला लागली, इतकंच. जेवण गार झालं, बँडवाले निघून गेले आणि नवरी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

त्यानंतर अंकल दिसले की पोरं म्हणायची, "आलं हवामान खातं!" पुढच्या लग्नसराईत बोलावणी जवळजवळ थांबली. जे लोक त्यांच्या भीतीच्या भरवशावर निवांत जेवत होते, त्यांनाच ती भीती एकदा डोळ्यांनी दिसली आणि ती त्यांना सहन झाली नाही. मलाही झाली नाही, हे इथे लिहायला हवं. मीच त्यांना म्हणालो, "अंकल, पुरे आता. मी बघतो सगळं."

ते नाही म्हणाले नाहीत. फार थकले होते.

मी बांबू काढून टाकले. लोखंडी पाइपांचे मोठे सांगाडे आणले, कामणला गोदाम घेतलं. अंकलनी पाइपावर हात फिरवून पाहिला. "बांबू मोडायच्या आधी करकरतो. हा काही बोलतच नाही रे," एवढंच म्हणाले. मी एका दिवशी तीन-तीन मंडप घालू लागलो. नाव झालं.

त्यांच्याच गावातलं एक लग्न मला मिळालं, तेव्हा ते पाहुणे म्हणून आले. कोट घातला होता. सगळे आत बसले, अंकल मात्र ताट घेऊन बाहेर उघड्यावर उभे राहिले. मी बोलवायला गेलो.

"आत या ना, अंकल. खुर्ची ठेवलीय तुमच्यासाठी."

"इथे बरं आहे," ते म्हणाले. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मंडपाच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी मान खाली घालून पावाचा तुकडा मोडला.

काय दिसलं, हे मी विचारलं नाही. आत चारशे माणसं जेवत होती. त्यांनी सांगितलं असतं, तर मला स्टेजवर जाऊन माइक घ्यावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी मी त्या कोपऱ्यातला नट न् नट तपासला. सगळं घट्ट होतं. ती त्यांची नुसती जुनी सवय असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पावसाळा संपायच्या आत अंकल गेले, झोपेतच. आता विचारायला कोणी नाही.

त्या लग्नातला तोच सांगाडा अजून गावोगाव उभा राहतो. आज संध्याकाळीही एक लग्न आहे. मी वाऱ्याच्या बाजूला उभा आहे, माणसं आत हसताहेत, आणि डावा कोपरा मी सकाळपासून तिसऱ्यांदा आवळून आलो आहे.