गायधनींची बॉडी

मंडळी, आज पहाटे माझे काका गेले. द्वारका चौकाजवळच्या कारखान्यात जन्मभर ट्रकच्या बॉड्या बांधल्या त्यांनी. तिथे गिऱ्हाईकाचं नाव घेऊन ओरडायची पद्धत: "शिंदेंची बॉडी तयार, घेऊन जा!"

दुपारी शवागाराच्या दारात तसंच कुणीतरी ओरडलं, "गायधनींची बॉडी तयार, घेऊन जा!"

काकांचे जोडीदार रफिकचाचा तिथेच थबकले. रोज हाच शब्द तोंडात असलेला माणूस. म्हणाले, "बॉडी तो हम बनाते थे. ये भाऊ है मेरा. भाऊ बोलो."

घरी येऊन मी इंग्रजी शब्दकोश उघडला. या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ धड. पुढे शरीर, सांगाडा, प्रेत. आणि मध्येच कुठेतरी: माणूस.

खरं सांगा, दवाखान्यात हा ‘माणूस’ अर्थ कुणी ऐकलाय?