गच्चीवरची रेंज

भाच्यानं अमेरिकेहून पाठवलेला फोन अक्काच्या गावात रेंजच धरेना. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, भाच्याची आई. गारगोटीच्या पुढं, डोंगराच्या कडेला तिचं गाव. घरात एकटीच असते. कोल्हापुरातल्या दुकानदारानं मला समजावलं, की प्रत्येक देशाची फ्रिक्वेन्सी वेगळी असते. गावचा टॉवर ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ती या फोनात दिलेलीच नाही; इथं शहरात मात्र चालेल. मी उगाच त्याच्यावरच उखडले. जगातल्या एवढ्या शहाण्यांना एकत्र बसून एवढं ठरवता येत नाही? चार्जरचीही तीच रड. त्याच्या चपट्या पिना आपल्या बोर्डात जाईनात म्हणून मधे जोड घेतला, तर तोही सैल. अक्का खाली डब्यांची चळत लावून त्याला टेकू द्यायची.

दुसरा फोन घे म्हटलं तर ऐकेना. पोरानं हौसेनं पाठवलाय, तो चालत नाही असं कुठल्या तोंडानं सांगू, म्हणायची. अडीनडीला तिचा जुना बटणांचा फोन होताच. मग दर रविवारी पहिल्या एसटीनं ती माझ्याकडं यायला लागली. चहा झाला की पदर सारखा करून गच्चीवर. तिकडं शनिवारची रात्र, भाचा निवांत. ही पाण्याच्या टाकीला टेकून बिनदिक्कत सांगायची, "घरीच हाय की. झ्याक चालतोय तुझा फोन."

मग माझ्या भाजीला नावं ठेवत जेवायची, दुपारी माझ्याशेजारी चटईवर आडवी व्हायची, आणि चारच्या गाडीनं परत.

आठ महिने असं चाललं. एका रविवारी ती हात टेकत जिना चढताना दिसली आणि माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी इथलाच एक साधा स्मार्टफोन आणून कपाटात ठेवला. पुढच्या रविवारी तिचं बोलणं होऊन ती खाली स्वयंपाकघरात गेल्यावर मी माझ्या फोनवरून भाच्याला गाठलं. तुझ्या त्या फोनापायी म्हातारी दर आठवड्याला एसटीत हाडं खिळखिळी करून घेते, असं चांगलं खडसावलं.

तो म्हणाला, "मावशी, मला पहिल्याच रविवारी कळलं. व्हिडिओत मागं तुझी टाकी दिसती की."

मग बोलला का नाहीस, असं मी विचारलं.

"दुसरा पाठवला असता तर ती घरात बसूनच बोलली असती. आता आठवड्यातनं एकदा तरी कुणाच्या शेजारी बसून जेवती. मी इथनं दुसरं काय करणार?"

मी फोन ठेवला. डोळे पुसून खाली गेले, तर अक्का आमटी अळणी झाली म्हणून बडबडत होती.

आता एक रविवार ती येते, एक रविवार मी जाते. तिच्या गावात आम्ही माझ्या फोनवरून बोलतो. तिचा चार्जिंगला लावलाय, असं ती भाच्याला सांगते आणि तोही मान डोलावतो. नवा फोन कपाटात तसाच आहे, खोकं न उघडलेला. तो दिला तर दोघी आपापल्या घरात बसून त्याच्याशी बोलू, हे मला चांगलं कळतं.