एक पार्ट बाकी

आमच्या फुवांकडे दुरुस्तीला दिलेली वस्तू परत मिळते, पण तीच परत मिळाली असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस अख्ख्या म्हसावदात सापडायचा नाही. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या भागात आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. झाडं कापायची पेट्रोलवरची मशीनं, ज्यांना दुकानदार चेनसॉ म्हणतो आणि बाकी सगळे नुसतं 'कटर', ती उघडून, धुऊन, एकमेकांत मिसळून पुन्हा उभी करणं हा त्यांचा उद्योग. 'मिसळून' हा शब्द मी जपून वापरतोय. तोरणमाळहून आलेल्या मशीनचा पिस्टन प्रकाशा गावच्या मशीनमध्ये जातो, प्रकाशाची दोरी तिसऱ्याच गावच्या मशीनला लागते, आणि एवढं होऊन सगळीच मशीनं आधीपेक्षा बरी चालतात, त्यामुळे भांडायला कुणाला तोंड राहत नाही. बांधावरच्या बाभळी तोडायला मशीन वापरणाऱ्या एका शेतकऱ्यानं धीर करून विचारलं होतं, की नाना, हे माझंच ना? फुवा शांतपणे म्हणाले, "वरतून तुन्हंच शे भाऊ. आतलं तू कधी देखेल व्हतं का?" त्यानं पाहिलेलं नव्हतं. तो मशीन उचलून निघून गेला.

त्यांचा कारखाना म्हणजे घराचं मागचं अंगण आणि त्या अंगणातला कडुनिंब. बाजेवर जुनी चादर, चादरीवर उघडलेलं मशीन, आणि समोर फुवा, कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधत. बिघाड शोधायची त्यांची रीत अशी, की चालू मशीनला स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी समोर कुणीही आलं तरी ते हात वर करून थांबवतात. तालुक्याहून आलेल्या एका साहेबांना त्यांनी असंच चांगलं ताटकळत ठेवलं होतं, आणि डोळे उघडल्यावर 'या, बसा' म्हणायच्या ऐवजी ते म्हणाले, "बेअरिंग गयं." साहेब आपल्या गुडघ्यांकडे बघायला लागले.

फुवांचा खरा राग एकाच गोष्टीवर आहे. या मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यावं लागतं, आणि लोक घाईत नुसतंच पेट्रोल ओततात. मग पिस्टन ओरखडून जागीच अडकतो. असे ओरखडलेले पिस्टन फुवा टाकून देत नाहीत. तारेत ओवून त्यांची माळ त्यांनी निंबाच्या खोडाला बांधली आहे, आणि प्रत्येक पिस्टनवर पांढऱ्या रंगानं मालकाचं नाव लिहिलं आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी माळेचं दर्शन. "याना बाप गावमा शहाना समजेस," एकेका पिस्टनवर बोट ठेवत ते सांगतात, "नि यानी बिनतेलनं चालाडं." माळेत नाव असलेले काही लोक या गल्लीतून जायचं टाळतात, हे मला गिरणीवाल्यानं सांगितलं. खुद्द गिरणीवाल्याचा पिस्टन वरून दुसरा आहे.

आता या सगळ्यात फुईचं काय होतं ते सांगायला हवं. फुवांना कार्ब्युरेटर उकळायला पातेलं लागतं, पेट्रोल गाळायला गाळणी लागते, चेनचे दात घासायला ब्रश लागतो, आणि या तिन्ही वस्तू स्वयंपाकघरात आयत्या असतात. फुईनं आपल्या भांड्यांना चुन्याचे ठिपके लावून पाहिले. उकळताना चुना निघून गेला आणि फुवांनी मोठ्या निरागसपणे ठिपका नसलेलं पातेलं वापरलं. त्या घरच्या चहाला कायम पेट्रोलचा बारीक वास असतो. पाहुण्यांना तो पहिल्यांदा खटकतो. मला आता दुसरीकडचा चहा सपक लागतो.

पण फुईची मोठी तक्रार पातेल्यांची नव्हती, निंबाची होती. झाड वर्षावर्षाला स्वयंपाकघराकडे कलत चाललं होतं. मुळांनी न्हाणीची भिंत उचलली होती, आणि जरा वारा सुटला की एक जाड आडवी फांदी छपराच्या पत्र्यावर दणादण आपटायची. उन्हात वाळत घातलेल्या बिबड्यांवर, म्हणजे ज्वारीच्या पापडांवर, लिंबोळ्या नि पालापाचोळा पडायचा तो वेगळाच. "गावनं समदं नीट करी देतस," फुई मला ऐकवायची, म्हणजे खरं तर त्यांना, "नि घरनं झाड तेस्ना डोयाले दिसत नही." दुसऱ्या कुणाला बोलवून झाड पाडावं, तर कटरच्या मिस्त्रीच्या अंगणात परक्याचं कटर चालणं म्हणजे गावभर शोभा, हे फुईलाही मान्य होतं. झाड फुवांच्या स्वतःच्या मशीननंच पडायचं, हे ठरलेलं होतं. आणि फुवांचं स्वतःचं मशीन कित्येक वर्षांपासून एका लाकडी पेटीत सुटं होऊन पडलेलं होतं. कधीही विचारा, उत्तर एकच असायचं, "एक पार्ट बाकी शे."

कुठला पार्ट, ते मात्र दरवर्षी बदलायचं. कधी क्लचची स्प्रिंग, कधी कार्ब्युरेटरचा पडदा. एका वर्षी पिस्टनची रिंग बाकी होती आणि ती फक्त सुरतेला मिळते असं कळलं. मी नेमका एका लग्नाला सुरतेला चाललो होतो. दुकानं पालथी घालून, उन्हात भाजून निघून मी ती रिंग आणली आणि विजयी मुद्रेनं फुवांच्या हातावर ठेवली. त्यांचा चेहरा असा पडला, की मी वाईट बातमी आणलीय असंच कुणाला वाटावं. त्यांनी रिंग उजेडात धरली, फिरवली, पुन्हा फिरवली आणि सुस्कारा सोडून म्हणाले, "हाई डावी शे. माले उजवी पाहिजे." मी खजील होऊन चहा प्यायलो आणि शहाद्याच्या बसमध्ये बसलो. गोल रिंगला डावं-उजवं कुठून असतं, हा प्रश्न मला घरी पोचल्यावर पडला.

त्या आडव्या फांदीला एका जागी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली असते. मी ती कैकदा पाहिली होती आणि फुवांच्या शंभर खटपटींपैकी ती एक असणार म्हणून सोडून दिली होती. खरं तर मला कळायला हवं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि निंबाला झोका बांधतात. फुवांची एकुलती लेक, माझी आतेबहीण, त्याच फांदीवर झोके घेत मोठी झाली. लग्न होऊन ती गुजरातेत गेली. सुरुवातीला दर आखाजीला यायची. मग मुलांच्या परीक्षा, नवऱ्याची रजा, काहीतरी आडवं येत गेलं. दोरानं फांदी सोलली जाऊ नये म्हणून फुवा दर आखाजीच्या आधी जुनी ट्यूब काढून दुसरी गुंडाळतात, झोका बांधतात आणि या विषयावर कुणाशी अक्षर बोलत नाहीत.

गेल्या आखाजीच्या तोंडावर सोसाट्याचं वावधान सुटलं. मी आमरसाच्या आशेनं आधीच येऊन बसलो होतो. फुवांनी सणाआधीची सफाई म्हणून गावातली होती नव्हती तेवढी मशीनं एकाच वेळी एकाच चादरीवर उघडली होती, आणि आलेल्या पहिल्या झोतानं ती चादर उचलून उलटी केली. स्क्रू, स्प्रिंगा, वायसर अंगणभर झाले. मिसळायचं काम त्या दिवशी वाऱ्यानंच उरकलं. आम्ही गुडघ्यांवर रांगत ते वेचत असतानाच गल्लीत माणसं धावत आली. त्यांतल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. गावाबाहेर रस्त्यावर चिंच आडवी पडली होती, वऱ्हाड पलीकडे अडकलं होतं, जेसीबी प्रकाशा गावाकडे गेला होता आणि कुऱ्हाडीनं ते खोड संध्याकाळपर्यंत तुटणार नव्हतं. "नाना," मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, "नवरदेव पल्याड शे नि मुहूर्त निंघी चालना. एखादं मशीन चालू व्हई का?"

फुवांनी चादरीकडे पाहिलं. मग मान वर करून निंबाकडे पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. नंतर ते घरात गेले आणि खाटेखालची लाकडी पेटी घेऊन आले. आम्हा सगळ्यांच्या देखत त्यांनी आपलं मशीन जोडायला घेतलं. हात कुठे अडला नाही, कुठली वस्तू शोधावी लागली नाही, पेटीत एक स्क्रू कमी नव्हता की एक जास्त नव्हता. फुईनं आणलेला चहा निवायच्या आत मशीन उभं राहिलं, आणि दोरीच्या पहिल्याच झटक्याला असं गरजलं की समोरची माणसं मागे सरकली. फुई दारात उभी होती. मशीन बंद झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "मंजे समदा पार्ट व्हतात."

चिंच कापली गेली, वऱ्हाड आलं, लग्न लागलं. फुवांच्या गळ्यात लोकांनी हार घातला आणि तो त्यांनी घरी येऊन मुकाट्यानं खुंटीला अडकवला. सबब संपली होती. फुई रागावली नाही, उलट मऊ आवाजात म्हणाली, "आखाजी व्हई जाऊ द्या, मंग पाडा झाड." फुवा हो म्हणाले. त्या आखाजीलाही लेकीचा फक्त फोन आला. झोका दिवसभर रिकामाच हलत होता, आणि फुवांनी माझ्या ताटातल्या आमरसावर एकही टोमणा मारला नाही. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

झाड पाडायचं ठरलं त्या रविवारी मी मुद्दाम गेलो. अंगणात फुवा बाजेखाली डोकं घालून बसले होते. "मन्हा मशीनना प्लग सापडत नही," ते म्हणाले. त्यांच्या शेजारी नव्या-जुन्या प्लगांनी काठोकाठ भरलेला डबा उघडा होता. त्यांतला कुठलाही चालला असता हे मलासुद्धा समजत होतं. मी चहा सांगायला आत गेलो.

फुई फोडणी देत होती. मोहरीसाठी तिनं मसाल्याचा डबा उघडला, आणि मोहरीच्या वाटीत, अर्धा बुडालेला, मशीनचा प्लग होता. तिनं तो चिमटीनं बाजूला सारला, मोहरी घेतली आणि झाकण लावलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"झाड पाडं, नि पुढला साले पोर उनी, तं झोका कोठे बांधाना?" ती म्हणाली. "तेस्ले सांगू नको."

वर पत्र्यावर फांदी आपटत होती. फुईनं कपबश्या भरल्या, दारापर्यंत गेली आणि बाहेर आवाज दिला, "सापडना का?"

"नही," फुवा बाजेखालून म्हणाले. "दखी ऱ्हायनू."

"दखा दखा," फुई म्हणाली, "घाई काय शे." आणि चहा घेऊन ती त्यांच्या शेजारी, निंबाच्या सावलीत जाऊन बसली.