मधेच आलेला शेवट

"दिसून राहिलं का गा?" पडद्यावर चित्र आलं की काका अख्ख्या सभागृहाला विचारत. दिसत असायचंच. तरी कुणीतरी हो म्हटल्याशिवाय ते स्टुलावर टेकत नसत. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल.

ते इतवारीतल्या एका टॉकीजचे ऑपरेटर. सत्तरच्या दशकात आम्ही काही हौशी मंडळींनी फिल्म सोसायटी काढली, तेव्हा रविवारी सकाळी रामदासपेठेत येऊन ते आमचं मशीन चालवायचे. टॉकीजमध्ये रीळ मागेपुढे लागलं की लगेच शिट्ट्या आणि शिव्या. "आपल्यावर ती पाळी कधी आली नाही," हे ते छाती फुगवून सांगत.

एकदा एका विलायती रॉक बँडच्या मैफिलीचा सिनेमा आला. तीन डबे, आणि एकावरही नंबर नाही.

"पहिला कोणता गा?" त्यांनी विचारलं. त्या बँडवर आठवडाभर तावातावाने बोलणारे आम्ही सगळे डबे उलटेपालटे करून बघू लागलो. शेवटी त्यांनीच रिळं उजेडात धरून ठरवलं. उन्हाचं पहिलं, संध्याकाळचं दुसरं, अंधाराचं शेवटी.

पडद्यावर ओसाड पडके चौथरे, धूर, आणि वाजवणारी चार केसाळ पोरं. समोर ऐकायला चिटपाखरू नाही. एकेक सूर इतका लांबे की मशीन अडकलं समजून ते दोनदा उठले. मला ओ की ठो कळत नव्हतं. शेजारचा मान डोलवत होता, म्हणून मीही डोलवली.

दुसरं रीळ संपताना नामावळी सरकू लागली. म्हणजे सिनेमा संपला, आणि एक डबा बाकी, हे फक्त त्यांच्याच ध्यानात आलं! त्यांनी तो लावला. आम्ही शांतपणे पाहिला आणि टाळ्या वाजवल्या. एका ज्येष्ठ सभासदाने तर येऊन त्यांचा हात हातात घेतला. "शेवट मधेच! काय धाडस आहे दिग्दर्शकाचं!"

डबे बांधताना त्यांनी मला गाठलं. "चूक झाली गा माझी. अन् कोणाले समजलीच नाही. मंग मी मशीनपाशी कायले बसतो?"

त्यांचा पडलेला चेहरा मला बघवेना. "काका, मले समजली होती," मी ठोकून दिलं.

त्यांना केवढं बरं वाटलं! "एकाले तरी समजली." मग म्हणाले, "मंग बोंबलला काहून नाही?"

मी डब्यांची दोरी आवळू लागलो.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. टॉकीजवर जाऊन विनवलं, तर म्हणाले, "तुमची पब्लिक लय सभ्य हाये गा. मले तिची भीती वाटते."

ते वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. मला चूक कळली होती आणि तरी मी गप्प बसलो, असंच समजून ते गेले. मला काहीच कळलं नव्हतं, एवढं सांगणं किती सोपं होतं.