डाव्या बाह्यांचा ढीग

कापडाला दोन अंगं असतात, सुलट आणि उलट. नीट ताणून उजेडात धरलं तर आंधळ्यालाही कळावं, असं मास्तर म्हणायचे. तरी त्यांच्या शिवणाच्या कारखान्यात एके दिवशी डाव्या बाह्यांचा ढीग पडला, आणि तो पाडणारी बाई चांगली डोळस होती. हात इतका सफाईचा की कात्री तिच्या मुठीत पाण्यासारखी चालायची.

लहानपणी तिला सगळे भिंगरी म्हणत. जेवताना उठायची, उठल्यावर कशाला उठलो ते विसरायची, विहिरीवर घागर ठेवून मुंग्यांच्या मागे जायची. तेव्हा लोक हसत. लग्न झालं, अंगावर पदर आला आणि पाय थांबले. पायातली भिंगरी डोक्यात जाऊन बसली. आता ती कुणाला दिसत नव्हती, म्हणून कुणी हसेनासं झालं. त्याच पोरीला लोक आता वेंधळी म्हणू लागले.

दूध उतू जायचं. कुलूप लावलं की नाही, हे बघायला ती अर्ध्या वाटेतून परत यायची. घरात सतरा कामं सुरू असायची आणि तडीस एकही जायचं नाही. फक्त कापणीच्या टेबलापाशी तिचं डोकं शांत व्हायचं. कापडावर खडूची रेघ ओढली की बाकीचं जग बाजूला सरायचं. ते टेबल म्हणजे तिची अब्रू होती. घरी कितीही बोलणी बसली तरी सकाळी त्या टेबलापुढे उभी राहिली की ती 'कटिंगबाई' व्हायची. कारखान्यातली शिलाईवाली, इस्त्रीवाला, काजं करणारी म्हातारी, सगळे तिला त्याच नावानं हाक मारत.

त्या दिवशी दवाखान्यातल्या सेवकांचे सदरे कापायचे होते. कापड जाड होतं, एका अंगाला चकाकी, दुसऱ्या अंगाला मळकट. असं कापड थरावर थर घालून कापतात. एक थर सुलट वर, त्यावरचा सुलट खाली, असा जोडीजोडीनं घालायचा, म्हणजे एकाच साच्यातून डावी-उजवी बाही मिळते. सुरुवातीचे थर तिनं नीट घातले. मध्येच शाळेतून फोन आला. लेक वर्गात पुन्हा उठून उभी राहिली होती, फळ्याजवळ जाऊन खडू मोडत होती, येऊन भेटा. तिनं फोन ठेवला आणि पुन्हा थर घालायला लागली. हात चालत होते, मन शाळेच्या पायऱ्या चढत होतं. पुढचे सगळे थर सुलट वर.

शिलाईवालीनं पहिला सदरा जोडायला घेतला.

"कटिंगबाई, उजवी बाही द्या की."

"तिथंच असेल, बघा."

"ही डावी. ही पण डावी." तिनं गठ्ठा उलथापालथा केला. "अगं बाई, ही पण!"

मास्तर चष्मा कपाळावर चढवून आले. बराच वेळ त्यांनी बाह्या हातात धरल्या. "आता दोन्ही हात डावे असलेली माणसं शोधा," ते म्हणाले. कुणी हसलं नाही. बाह्यांचे खिसे आणि कॉलर निघाले, काही चिंध्या झाल्या. नवं कापड येईस्तोवर मशीनं बंद राहिली. संध्याकाळी मास्तर तिच्याकडे न बघताच म्हणाले, "उद्यापासून तू काजांवर. टेबल मी बघतो."

त्यांचा गुडघा गेला होता. टेबलापुढे उभं राहायचं त्यांच्यानं होत नव्हतं. तरी ते उभे राहिले. तिला तेच जास्त लागलं.

घरी सासूबाई म्हणाल्या, "एक ना धड! तू अशी, पोर तशी. खाण तशी माती."

नवरा भिंतीला टेकून बसला होता. "आई, पुरे," एवढंच म्हणाला. दिवसभर टेम्पो हाकून त्याच्यात तेवढंच उरलं होतं.

शाळेच्या बाईंनी सांगितलं होतं, म्हणून लेकीला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरलं. सासूबाई बरोबर आल्या, कारण त्यांना डॉक्टरांना खरं काय ते सांगायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी कसलंही रक्त काढलं नाही. बरंच विचारलं, घरचं, शाळेचं, झोपेचं, अगदी रांगतं पोर असल्यापासूनचं. शाळेच्या बाईंशीही बोलल्या. दोन-तीन फेऱ्या झाल्या. लेक तोवर तिथली फिरती खुर्ची फिरवून फिरवून थकली.

"हिला एडीएचडी आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "हिला लक्ष नाही असं नाही. लक्ष भरपूर आहे, पण ते हवं तिथं धरून ठेवणारा लगाम ढिला आहे. मनात आलं की शरीर निघतं, मध्ये थांबवणारं कुणी नाही."

"लाडानं झालंय," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्या मोबाईलनं."

"नाही आजी. लाडानं होत नाही, मारानं जात नाही. मेंदूची घडणच तशी असते, जन्मापासून. बहुतेक वेळा घराण्यातूनच येते, उंची येते तशी."

"मग मी काय म्हणत होते? खाण तशी माती!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "तुम्ही टोमणा मारलात, पण निघालं खरं." मग त्या आईकडे वळल्या. "तुमचं लहानपण कसं होतं?"

तिनं सांगायला सुरुवात केली. घागर, मुंग्या, उतू गेलेली दुधं, आणि शेवटी बाह्या.

"माणूस मोठं झालं तरी हे राहू शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलींच्या बाबतीत तर बऱ्याचदा कुणाच्या लक्षातच येत नाही. मोठ्यांना तपासणारे डॉक्टर वेगळे, त्यांच्याकडे पाठवते. तुम्हालाही हेच आहे, असं मी आज म्हणणार नाही. पण दाखवा जरूर."

"इतकी वर्षं मला वाटलं, मी आळशी आहे," ती म्हणाली. "आळशी माणूस तरी विसावा घेतं हो. मी तर नुसती दमलेय."

सासूबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली.

लेकीसाठी पुष्कळ सांगितलं. शाळेत पुढच्या बाकावर बसवा. एका वेळी एकच काम सांगा, तेही छोटं. जमलं की तिथल्या तिथं शाबासकी द्या, संध्याकाळपर्यंत राखून ठेवू नका. मध्ये उठून फिरू द्या. गोळीचाही विचार करू, पण देखरेखीत, आणि नुसत्या गोळीवर भागत नाही. निघताना त्या आईला म्हणाल्या, "आठवण डोक्यात ठेवू नका. डोळ्यांपुढे ठेवा, नाहीतर दुसऱ्या माणसाजवळ."

हे शेवटचं वाक्य ती बसमधून उतरेपर्यंत मनात घोळवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांपुढे उभी राहिली. मास्तर एक पाय स्टुलावर ठेवून थर घालत होते.

"मास्तर, टेबल परत द्या."

"आणि पुन्हा डावा ढीग पडला तर?"

"पडेल. मी चुकणार नाही, असं म्हणणार नाही. पण कात्री लागायच्या आधी चूक धरता येईल." ती भरभर बोलू लागली आणि मग मुद्दाम सावकाश झाली. "प्रत्येक थराच्या सुलट अंगाला कोपऱ्यात खडूची फुली करीन. फोन तुमच्या गल्ल्यात राहील. आणि कात्री माझ्याजवळ नको. काजवाल्या आजींजवळ ठेवा. त्यांनी कडेनं थर बघून 'हो' म्हटलं की घेईन."

आजी मशीनवरून ओरडल्या, "मला कशाला मध्ये घालतेस? माझी काजं कोण करणार, तुझा काका?"

"आजी, तुमच्या नजरेतून कुणाच्या बापाची चूक सुटत नाही."

"ते खरंय," आजी म्हणाल्या आणि पुन्हा काजं करू लागल्या.

मास्तर म्हणाले, "कटिंगबाईच्या हातात कात्री नाही. लोक हसतील."

"तुमच्या बोटात अंगुस्तान आहे. सुई टोचू नये म्हणून घालता. तुम्हाला कुणी हसतं का?"

मास्तरांनी बोटातल्या पितळी टोपणाकडे पाहिलं. घासून घासून त्याची नक्षी गेली होती. स्टुलावरचा पाय हळूच खाली घेतला आणि टेबलापासून बाजूला झाले.

ती थर घालू लागली. फुली, थर, फुली, थर. दुपारपर्यंत सगळं सरळ चाललं. मग बाहेर एक मोटार सारखा भोंगा वाजवत राहिली, आणि तेवढ्यात मन कुठं जाऊन आलं, ते तिलाही कळलं नाही. थर संपले तेव्हा ती आजींना म्हणाली, "बघा."

आजी चष्मा पुसत आल्या. कडेला बोट लावून थर चाळत गेल्या. शिलाईवालीनं मशीन थांबवलं. इस्त्रीवाल्यानंही हात थांबवला.

"थांब," आजी म्हणाल्या. "हे दोन बघ. जोडीतल्या दोन्ही थरांची फुली वर."

तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बटणं मोजत होते, की मोजल्यासारखं करत होते, कोण जाणे.

"मग उलटव ना," ते मान वर न करता म्हणाले. "बघत काय बसलीस? कापड वाळत घातलंय का?"

तिनं वरचे थर उचलले, तो एक उलटवला, परत कडा जुळवल्या. आजींनी पुन्हा बोट फिरवलं आणि पदराखालची कात्री काढून पुढे केली. "घे. आणि माझ्या काजांचा वेळ भरून दे."

संध्याकाळी शिलाईवालीनं पहिला सदरा उचलून झटकला. एक बाही डावी, एक उजवी. तिनं तो इस्त्रीकडे सरकवला. पुढचा सदरा घेतला.

घरी आली तेव्हा लेक जमिनीवर पालथी पडून लिहीत होती. सासूबाई शेजारी बसून म्हणत होत्या, "एक ओळ लिही, मग दारापर्यंत फेरी मार. फेरी आधी नाही, बयो."

ती दोघींच्या मध्ये टेकली. "आज मी पुन्हा चुकले," ती लेकीला म्हणाली.

लेकीची पेन्सिल थांबली. "मास्तर ओरडले?"

"नाही. उलटवलं आणि पुढे गेलो."

लेकीनं ओळ पुरी केली आणि दाराकडे पळाली. आई भिंतीला डोकं टेकून बसून राहिली. मनगट ठणकत होतं. काजांवर असताना मान दुखायची. मनगटाचं दुखणं कात्रीचं, टेबलाचं होतं. ते तिनं दुसऱ्या हातात धरून ठेवलं.