मी दादाला दिलेली ताकदीची गोळी

शेवगावात माझं मेडिकल आहे. चिठ्ठीशिवाय गोळ्या मागणाऱ्यांना मी तीस वर्षं काउंटरवरून झापत आलोय. एकदा तर एका म्हाताऱ्या बाईंना पाठदुखीच्या दोन गोळ्यांसाठी मी इतकं सुनावलं की त्या पिशवी विसरून निघून गेल्या. म्हणून पुढचं सांगताना मान जरा खालीच ठेवतो.

माझा थोरला भाऊ, दादा, गावाकडं शेती बघायचा. एका सकाळी तो विहिरीवर मोटार चालू करायला गेला आणि स्टार्टरसमोर नुसता उभा राहिला. हिरवं बटण दाबायचं का लाल, तेच त्याला आठवेना. आठ दिवसांनी फिट आली. नगरला एमआरआय झाला, डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर रिपोर्ट आला: मेंदूच्या कॅन्सरमधला सगळ्यात आडदांड प्रकार, काढली तरी परत येणारी गाठ. रेडिएशन झालं, मग महिन्यातून पाच दिवस केमोच्या गोळ्या सुरू झाल्या. "आपण वेळ मिळवतोय," कॅन्सरच्या डॉक्टर मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "बरे होतील असं मी सांगू शकत नाही."

मी पडलो डी. फार्म. झालेला माणूस. गप्प कसा बसणार? मोबाईलवर वाचायला लागलो. तिथं कळलं की या गाठीवर शास्त्रज्ञ जुनीच औषधं लावून बघतायत. शुगरची गोळी, उदासीवरची गोळी आणि चक्क जंताची गोळी! काचेच्या बशीत गाठीच्या पेशी मरत होत्या, उंदीर जास्त दिवस जगत होते. माणसांचं काय, ते शेवटी कुठंतरी लिहिलेलं असायचं, आणि माझा चष्मा नेमका तिथंच पुसायला व्हायचा.

जंताच्या गोळ्यांची खोकी तर माझ्या पाठीमागच्या खणात पडलेली! सगळं जग जे धुंडाळतंय ते शेवगावात, माझ्या दुकानात! त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी केसांचं तेल दिलं. मनानं मी माझ्या सत्काराला गेलेलो होतो. भाषणात दादाचा उल्लेख सुरुवातीला करावा का शेवटी, एवढंच ठरायचं होतं.

मॅडमना विचारावं असं मनात आलं नाही असं नाही. पण त्या नको म्हणतील, म्हणून विचारलं नाही.

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी मोटरसायकलवर गावी जायचो आणि दादाच्या हातावर गोळ्या ठेवायचो.

"कशाच्या रं ह्या?"

"ताकदीच्या."

दादा चावून चावून खायचा. "लई गुळचट हाय तुझी ताकद," म्हणायचा.

तीन आठवड्यांनी, केमोच्या पुढच्या फेरीआधी, रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे वर गेलेले. मॅडमनी दादा, वहिनी आणि मी अशा आम्हा तिघांना समोर बसवलं आणि विचारलं, "घरी दुसरं काही चालू आहे का? काढा, झाडपाला, कुणी दिलेलं चूर्ण?"

माझी नजर थेट वहिनींकडं गेली. मागं त्यांच्या माहेरच्या कुणीतरी कसल्याशा काढ्याची बाटली आणली होती.

"वहिनी, खरं सांगा," मी आवाज चढवला. "तुम्ही तो काढा दिला ना? लिव्हर म्हणजे काय खेळ वाटला का? शिकल्या-सवरल्या घरात असलं काही..."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हाई हो भाऊजी. बाटली तशीच हाय. झाकणबी उघडलं न्हाई."

तेव्हा दादा बोलला. शब्द त्याला एकेक शोधावे लागायचे, पण हे वाक्य सरळ आलं. "तिला कशाला बोलतो? गोळ्या तर तूच देतो रोज."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. कोणती गोळी, दिवसाला किती, कुठं वाचलं. सांगताना माझाच आवाज मला माझ्या गिऱ्हाइकांसारखा ऐकू येत होता.

दादा माझ्याकडं वळला. "म्हंजी माझ्या डोक्यात जंत झाले आसं वाटलं व्हय तुला?"

आधी वहिनी हसल्या, डोळे पुसत. मग मॅडमही. मला मात्र जमेना.

मॅडम चिडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही वाचलं ते खोटं नाही. खरंच अभ्यास चाललेत. पण बशीत जेवढं औषध ओततात, तेवढं मेंदूपर्यंत पोचवायचं तर माणसाला सोसेल का, हेच अजून नीट कळलेलं नाही. फिटच्या गोळ्यांशी, केमोशी त्याचं जमेल का, तेही बघावं लागतं. म्हणून हे मोजूनमापून, देखरेखीखाली करतात." केमोची फेरी पुढं ढकलली. वेळ मिळवायचा होता, आणि त्यातलाच थोडा मी घालवला होता.

माझ्या गोळ्या बंद झाल्यावर आकडे खाली आले, केमो परत सुरू झाली. पुढच्या एका खेपेला मॅडमनी दादाला विचारलं, "ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा तुकडा राखून ठेवलाय. अशाच जुन्या औषधांच्या तपासणीसाठी तो वापरला तर चालेल का? तुम्हाला स्वतःला त्याचा फायदा होणार नाही."

"घ्या की," दादा म्हणाला. "मला काय उपेग तिचा?" उजवा हात तोवर लुळा पडला होता. डाव्या हातानं त्यानं वेडीवाकडी सही केली आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "फकस्त ह्याच्या हातात दिऊ नका."

त्या तुकड्यातून काय निघालं, मला माहीत नाही. मी एकदा विचारलं, तर मॅडम म्हणाल्या की एकाच्या गाठीवरून काही ठरत नसतं, पुष्कळांच्या लागतात.

त्यानंतर दादा शेतातली तूर काढून होईपर्यंत तसा बरा होता. मग गाठ परत आली आणि बोलणं गेलं. शेवटच्या महिन्यात फिटची गोळी भरवायचं काम वहिनींनी होऊन माझ्याकडं दिलं. मी चमचा पुढं केला की दादा आधी वहिनींकडं बघायचा. त्यांनी मान हलवली, की मगच तोंड उघडायचा.